ला पोसाच्या माळावर पाच महिने: निवृत्त जोडप्याच्या नजरेतून वाळवंटातील हिवाळी मुक्काम

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, आंतरराज्य महामार्ग १० आणि महामार्ग ९५ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे क्वार्ट्झसाइट नावाचे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव आहे. या गावाच्या दक्षिणेला ला पोसा हा दीर्घ मुक्कामाचा सरकारी तळ लागतो. माझे यजमान आणि मी ५ नोव्हेंबर २०२३ ते २८ मार्च २०२४ या काळात तेथे आमच्या मोटारहोममध्ये, म्हणजे राहण्याची सगळी सोय असलेल्या मोठ्या गाडीत, राहिलो. निवृत्तीनंतर मिशिगनमधील घर विकून आम्ही कायमचे चाकांवर राहायला आलो, त्याला आता दोन वर्षे झाली. आमच्या ओळखीची, नोकरीतून नुकतीच मोकळी झालेली बरीच मराठी मंडळी या मुक्कामाबद्दल विचारतात, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. सुट्टीत आठ दिवस जाऊन येणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. परतायला दुसरे घर नसलेल्या, साठी ओलांडलेल्या दोघांना ही जागा कशी वाटते, एवढाच माझा विषय आहे.

पैशांचा हिशेब आधी सांगते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याने १९८३ साली वाळवंटात हिवाळा काढणाऱ्यांसाठी दीर्घ मुक्कामाचे तळ सुरू केले आणि ला पोसा हा त्यांपैकी एक आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या संपूर्ण हंगामाच्या परवान्यासाठी आम्ही १८० डॉलर भरले. १४ दिवसांचा परवाना ४० डॉलरला होता. आम्ही १४५ दिवस राहिलो, म्हणजे रोजचे भाडे साधारण सव्वा डॉलर पडले. याच परवान्यावर अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियातील असे इतर तळही वापरता येतात. दर बदलू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या वर्षीचा दर जरूर पाहावा.

या पैशांत काय मिळते, हे नीट समजून घेतले नाही तर पहिल्याच संध्याकाळी निराशा पदरी येईल. सुमारे ११,४०० एकरांचा हा माळ आहे आणि त्यावर आखलेल्या जागा नाहीत, विजेचे खांब नाहीत, नळाची जोडणी नाही, सावलीचे छप्पर नाही. पिण्याचे पाणी भरून घेण्याची सोय, सांडपाणी आणि मैला रिकामा करण्याचे केंद्र (डम्प स्टेशन), कचऱ्याचे मोठे डबे, काही ठिकाणी साधी शौचालये आणि प्रवेशाशी परवाना देणारी चौकी, एवढ्याच सुविधा आहेत. बाकी जे काही लागेल ते आपल्या गाडीत असले पाहिजे. आपली टाकी, आपली बॅटरी आणि आपला गॅस यांच्या मर्यादेत ज्याला आनंदाने राहता येते, त्याला या किमतीत याहून चांगला हिवाळा मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला ते जमत नाही, त्याने वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी देणाऱ्या खासगी पार्कमध्ये जास्त पैसे मोजून राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

गावाच्या आसपास फुकट मुक्कामाच्या सरकारी जागाही आहेत. पण तेथे १४ दिवसांनी तळ हलवावा लागतो आणि पाणी व सांडपाण्याची सोय नसते. तरुण माणसांना ते परवडते. दर पंधरवड्याला बिऱ्हाड उचलण्याचा ताण आमच्या वयाला नको होता, म्हणून आम्ही १८० डॉलरचा मार्ग निवडला आणि त्याचा पश्चात्ताप एक दिवसही झाला नाही.

जमिनीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. येथे तसे नाही. जमीन सपाट, घट्ट आणि खडेरी आहे. बारीक खडी पसरून तिच्यावरून रोलर फिरवावा तसे दगड एकमेकांत चपखल बसलेले दिसतात आणि कित्येक दगडांवर काळपट चकाकी असते. गाडी रुतण्याची भीती त्यामुळे फारशी नाही. मधूनमधून क्रिओसोटची झुडपे, आयर्नवूड आणि पालो वर्देची झाडे, क्वचित एखादा हात वर केलेला साग्वारो निवडुंग आणि क्षितिजावर उघडेबोडके डोंगर असा परिसर आहे. कोरड्या नाल्यांना येथे ‘वॉश’ म्हणतात. त्यांच्या पात्रातली मऊ, झाडांच्या सावलीची जागा फार मोहात पाडते, परंतु हिवाळ्यातही दूरच्या डोंगरावर पाऊस पडला तर तेथून पाणी वाहते, म्हणून पात्रात तळ टाकू नये. आम्ही नाल्याच्या काठापासून बरेच वर, दोन आयर्नवूड झाडांच्या जवळ गाडी उभी केली. दोन बिऱ्हाडांत किमान १५ फूट अंतर ठेवण्याचा नियम आहे; आमचा सर्वांत जवळचा शेजार मात्र नोव्हेंबरात दोनशे पावलांवर होता.

हवामानासाठी या तळाला पूर्ण गुण द्यायला हवेत. जानेवारीत दुपारचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पहाटे ते चार-पाच अंशांवर उतरते. एखाद्या रात्री शून्याजवळही जाते. मिशिगनमध्ये हिवाळाभर यजमानांचे गुडघे धरलेले असत. येथे डिसेंबरपासून ते रोज सकाळी दोन मैल चालू लागले. हवा मात्र इतकी कोरडी की पहिल्या आठवड्यात ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या आणि मोड आणण्यासाठी फडक्यात बांधलेली मटकी दुपारपर्यंत वाळून गेली. पुढे ते फडके दिवसातून दोनदा ओले करू लागले. याच कोरडेपणाचा फायदा असा झाला की मार्चमध्ये जाळीखाली घातलेले सांडगे दीड दिवसात खडखडीत वाळले.

आता विजेविषयी, कारण आमची पहिली मोठी चूक तेथेच झाली. मोटारहोम विकणाऱ्याने गाडीतल्या दोन बॅटऱ्या वाळवंटातल्या मुक्कामाला पुरतील असे छातीठोकपणे सांगितले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. तिसऱ्या रात्री आम्ही फर्नेस, म्हणजे गाडी उबदार ठेवणारे गॅसचे यंत्र, १८ अंशांवर लावून झोपलो. पहाटे चारच्या सुमारास मला जाग आली ती आवाज बदलल्यामुळे. पंख्याची घरघर हळूहळू खोल जात होती, जशी एखाद्या जुन्या टेपरेकॉर्डरची फीत मंदावते, आणि मग ती थांबली. फर्नेसची उष्णता गॅसची असते, पण ती खोलीत फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि तो तासाला सात-आठ अँपिअर-तास वीज खातो, हे आम्हाला त्या पहाटे कळले. गॅस भरपूर होता, बॅटरी संपली होती, आणि बाहेर तीन अंश तापमान होते.

त्यानंतर आम्ही छतावर ४०० वॉटची सोलर पॅनेले आणि आत २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बसवून घेतली. ज्या कारागिराकडून हे काम करून घेतले त्याने एक जोडणी सैल ठेवली होती. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सहज हात लावून पाहिला तेव्हा ती वायर चटका बसण्याइतकी तापलेली होती. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की काम कोणाकडूनही करून घ्या, परंतु वीज वापरात असताना प्रत्येक जोड तपासून घेतल्याशिवाय त्याला पैसे देऊ नका. बॅटरी राहत्या भागातच ठेवा, कारण गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही.

हिवाळ्यातल्या सूर्याचा हिशेबही ध्यानात ठेवावा. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास येथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ ३३ अंश वर असतो, त्यामुळे छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलांना तिरके ऊन मिळते. आमच्या मीटरवर डिसेंबरात दिवसाला साधारण १,००० वॉट-तास दिसत. पॅनेले दक्षिणेकडे कलती केल्यावर ते चांगलेच वाढले, परंतु त्यासाठी शिडीने छतावर चढावे लागते आणि सत्तरीजवळच्या माणसाने वाऱ्यात छतावर चढणे मला पसंत नाही. पुढील वेळी जमिनीवर उभी करता येणारी दोन पॅनेले घ्यावीत, असे आम्ही ठरवले आहे. जनरेटर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत चालवता येत नाही, आणि हा नियम आमच्या भागात सर्वांनी पाळला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

ऊब मिळवण्याची आमची पद्धत शेवटी अशी ठरली. संध्याकाळी दोन तास बॅटरी न लागणारा गॅसचा छोटा हीटर, त्या वेळी खिडकी बोटभर उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू. झोपताना हीटर पूर्ण बंद आणि फर्नेस फक्त १२ अंशांवर. अंगावर माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती, जी साताऱ्याहून मिशिगनला आणि तेथून येथवर आली आहे. गॅस जळताना वाफ तयार होते आणि ती पहाटे काचांवर पाणी होऊन साठते. ती रोज पुसली नाही तर खिडकीच्या कडांना बुरशी धरते. फर्नेस, फ्रिज आणि स्वयंपाक मिळून जानेवारीत आम्हाला सुमारे ३० गॅलन गॅस लागला, मार्चमध्ये १५ गॅलनच्या आत भागले. गॅसचा टँकर तळावर फिरतो, त्यामुळे मोटारहोम हलवण्याची गरज पडत नाही.

पाण्याचा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण येथे आपल्या जुन्या सवयी कामी आल्या. आमच्या टाकीत सुमारे १५० लिटर पाणी मावते आणि ते आम्ही बारा दिवस पुरवत असू, म्हणजे दोघांना मिळून दिवसाला साडेबारा लिटर. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे. ते गावातून कॅनमध्ये भरून आणत असू. शॉवरखाली कितीही घाई केली तरी दहा-बारा लिटर सहज जातात. पातेल्यात पाणी तापवून, बादलीत विसण घालून तांब्याने आंघोळ केली तर पाच लिटरांत स्वच्छ आंघोळ होते, आणि टबमध्ये साठलेले तेच पाणी शौचकुपात वापरता येते. एक दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसणे, हे आम्ही दोघांनी ठरवून घेतले. ताटे आधी कागदाने पुसून घेऊन मग लहान भांड्यातल्या साबणाच्या पाण्यात धुतली की तीन लिटरांत दोन वेळची भांडी होतात. कुकरमध्ये एकाच वेळी डाळ, भात आणि बटाटे लावले की पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात. ज्यांनी लहानपणी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली आहे, त्यांना यात काही अवघड वाटणार नाही. अमेरिकेत चाळीस वर्षे नळ सोडून भांडी घासलेल्या माझ्यासारखीलाही ते आठवडाभरात आठवले.

दर बारा दिवसांनी मोटारहोम हलवून डम्प स्टेशनवर न्यावी लागे, आणि या मुक्कामातील सर्वांत महत्त्वाचा धडा मला तेथेच मिळाला. मी चाळीस वर्षे मोटार चालवली आहे, परंतु २४ फुटी मोटारहोमच्या स्टिअरिंगला नोव्हेंबरपर्यंत हात लावला नव्हता. टाक्या, नळ्या आणि व्हॉल्व्ह हे काम ह्यांचे, स्वयंपाकघर आणि हिशेब माझा, अशी वाटणी आम्ही नकळत करून टाकली होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कॅन उचलताना ह्यांच्या कमरेत उसण भरली आणि त्यांना अंथरुणातून उठता येईना. मैल्याच्या टाकीचा काटा तेव्हा तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला होता. दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गाडी सुरू केली. हे मागे पडून सूचना देत होते आणि मी चालण्याच्या वेगाने त्या खडेरी वाटेवरून गेले. रांगेत पाऊण तास गेला. हातमोजे घालून नळी जोडली, आधी मैल्याची टाकी मोकळी केली, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम मी ह्यांच्या तोंडून शंभरदा ऐकला होता, पण माझ्या हातांना तो माहीत नव्हता. व्हॉल्व्हचा दांडा ओढताना आत काहीतरी सरकल्याचा जो धक्का हाताला बसतो, तो पहिल्यांदा अनुभवताना मला भीती वाटली. परत येऊन गाडी ठोकळ्यांवर समपातळीत आणायला मला चार प्रयत्न लागले, आणि गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी असेल तर नीट चालत नाही, म्हणून ते टाळता येत नव्हते. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी एकमेकांची सर्व कामे शिकून घेतली. आता हे भाकऱ्या थापतात आणि मी टाक्या रिकाम्या करते. या मुक्कामाचा विचार करणाऱ्या जोडप्याने घर सोडण्यापूर्वीच ही शिकवणी उरकून घ्यावी, कारण माळावर एक माणूस आजारी पडले की दुसऱ्याला सगळे यावे लागते.

ज्यांना गाडी हलवायचीच नाही, त्यांच्यासाठी सांडपाणी उपसून नेणारी आणि पाणी पोहोचवणारी वाहनेही तळावर येतात. त्यांचे पैसे वेगळे पडतात, परंतु आजारपणात ती मोठी सोय आहे.

आरोग्याच्या बाबतीत मी या जागेला निम्मेच गुण देईन. पार्कर गावातले रुग्णालय ३५ मैलांवर आहे आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी युमा किंवा सुमारे १२५ मैलांवरचे फीनिक्स गाठावे लागते. ह्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यामुळे हे अंतर माझ्या मनात रोज असे. माळावर घरक्रमांक नसतो. डिसेंबरात पलीकडच्या एक वृद्ध बाई पायरीवरून पडल्या तेव्हा ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर जागा सांगताना त्यांच्या पतीची फार तारांबळ झाली. त्याच संध्याकाळी आम्ही आमच्या जागेचे अक्षांश-रेखांश, जवळच्या वाटेचे वर्णन आणि दोघांच्या औषधांची यादी एका कार्डावर लिहून दाराच्या आत चिकटवली. वाऱ्याच्या दिवशी धुळीपासून जपावे, कारण अ‍ॅरिझोनाच्या मातीतल्या बुरशीमुळे ‘व्हॅली फीवर’ नावाचा फुप्फुसांचा आजार होतो. खोकला आणि थकवा आठवडेच्या आठवडे टिकला तर डॉक्टरांना आपण येथे राहिल्याचे आवर्जून सांगावे. विम्याबद्दलही एक सूचना आहे. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, देशभरात ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते, तर त्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घेता येणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या बहुतेक योजना ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेल्या असतात. कायम फिरतीवर राहणाऱ्यांनी हा फरक घर विकण्यापूर्वीच समजून घ्यावा.

दातांच्या कामासाठी येथील निम्मी मंडळी सुमारे ९० मैलांवर, मेक्सिकोच्या सीमेलगत असलेल्या लॉस अल्गोदोनेस या गावी जातात. गाडी अमेरिकेच्या बाजूला ठेवून पायी सीमा ओलांडायची, आणि पलीकडे पाऊल टाकताच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दातांचे दवाखाने आणि चष्म्यांची दुकाने सुरू होतात. माझ्या दाढेवर तेथे टोपण बसवले. मिशिगनमध्ये सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी खर्च आला आणि काम आजपर्यंत उत्तम आहे. पासपोर्ट जवळ हवाच. परतताना जानेवारीत आम्ही दोन तास उन्हात रांगेत उभे होतो, तेव्हा घडीची खुर्ची आणि पाणी सोबत न्यावे.

गावाबद्दल सांगायचे तर त्याचे दोन चेहरे आहेत. नोव्हेंबरात ते पेंगुळलेले असते. जानेवारी उजाडला की रत्न-खनिजांची प्रदर्शने भरतात, महिन्याच्या उत्तरार्धात मोटारहोमच्या सामानाचे मोठे प्रदर्शन प्रचंड तंबूत मांडले जाते, आणि माळावर जिकडे नजर जाईल तिकडे पांढरी छपरे चमकू लागतात. दुकानांत रांगा, पेट्रोल पंपावर रांगा, डम्प स्टेशनवर रांगा. इंटरनेटचा वेगही संध्याकाळी मंदावतो. शांततेसाठी येणाऱ्यांनी जानेवारीचे शेवटचे दोन आठवडे गृहीत धरूनच यावे. तंबूतल्या एका दुकानातून आम्ही बॅटरीचे आयुष्य वाढवते असे सांगितलेले एक उपकरण घेतले. ते निकामी निघाले, आणि आठवड्याने गेलो तेव्हा ते दुकान उठून गेले होते. तेथे महागाची वस्तू घेताना विक्रेत्याचा कायमचा पत्ता मागून घ्यावा.

खनिजांच्या प्रदर्शनांबद्दल मात्र मी कितीही लिहू शकेन. तेथील मेळावे १९६७पासून भरत आहेत. उघड्यावर टेबले मांडून लोक दगड विकत असतात. कोणी खाणीतून स्वतः काढलेले, कोणी दूरदेशीहून आणलेले. एका टेबलावर मोरपिशी हिरव्या रंगाचे स्फटिक आणि त्यांना बिलगलेली, गव्हाच्या पेंढीसारखी फुललेली फिकट गुलाबी खनिजे होती. मी वाकून चिठ्ठी वाचली, तर त्यावर ‘जळगाव, महाराष्ट्र’ असे लिहिलेले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट ही खनिजे जगभरच्या संग्राहकांना हवी असतात, हे विक्रेत्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितले, आणि माझे माहेर त्याच पाषाणावर आहे हे मी त्याला सांगितले. त्याने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो आता आमच्या डॅशबोर्डवर आहे.

गावात एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या शिखरावर तांब्याचा उंट आहे. तो पाहिल्याशिवाय येऊ नये. १८५६ साली अमेरिकी सैन्याने वाळवंटात ओझी वाहण्यासाठी उंट आणले, त्यांच्यासोबत हाजी अली नावाचा उंटवाला आला, आणि येथील लोकांच्या तोंडी त्याचे ‘हाय जॉली’ झाले. उंटांचा तो प्रयोग पुढे गुंडाळला गेला, पण हाजी अली येथेच राहिला. तो १९०२मध्ये गेला आणि १९३५मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने त्याच्या कबरीवर हे स्मारक उभारले. दूर देशातून आलेल्या माणसाला या माळाने सामावून घेतले, या विचाराने आम्ही दोघे तेथे बराच वेळ उभे राहिलो.

दिवसभराच्या सहलीसाठी दक्षिणेकडचे कोफा अभयारण्य उत्तम आहे. मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांसाठी ते १९३९मध्ये राखीव झाले. तेथील पाम कॅन्यनमध्ये, उभ्या कड्यांच्या चिरेत, निसर्गतः वाढलेली ताडासारखी झाडे आहेत. वाट लहान परंतु खडकाळ आहे. काठी घेऊन आम्हाला जमली.

माणसांविषयी लिहायचे राहिले. परवान्याच्या चौकीवर काम करणारे बहुतेक आमच्याच वयाचे स्वयंसेवक होते आणि त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर धीराने दिले. तळावर सरपण गोळा करायला मनाई आहे, उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात म्हणून लोक रात्री बॉनेट उघडे ठेवतात, अशा गोष्टी आम्हाला त्यांनीच सांगितल्या. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातून आलेल्या एका जोडप्याशी आमची घरोब्याची ओळख झाली. संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले आणि शेकोटीभोवती बसलेल्या अकरा जणांना तिळगूळ देऊन ‘गोड बोला’ म्हणजे काय ते सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्यांतले एक आजोबा मला पाहिले की लांबूनच ‘गोड बोला’ म्हणून हात करत. कंपनीच्या वसाहतीत तीस वर्षे राहूनही मिशिगनमध्ये इतके शेजारी आमच्या दारात कधी बसले नव्हते. एकटेपणाच्या भीतीने हा मुक्काम टाळणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते आहे. सगळे मिटल्यावर जी रात्र उरते तिच्यात मृगाचे तारे आणि कृत्तिकांचा पुंजका इतके स्पष्ट दिसतात की दुर्बिणीची आठवण होत नाही, आणि दूरवर कोल्ह्यासारखे कोयोटी ओरडू लागले की झोप मोडली तरी वाईट वाटत नाही.

वाणसामानासाठी भारतीय दुकान आम्हाला फीनिक्समध्येच मिळाले. आम्ही मोटारहोममागे छोटी गाडी ओढून आणली होती, तिने महिन्यातून एकदा जाऊन पीठ, डाळी, मसाले आणत असू. अशी दुसरी गाडी नसेल तर प्रत्येक खरेदीला अख्खे घर आवरून निघावे लागेल, म्हणून ती मला गरजेचीच वाटते. टपालासाठी गावातील खासगी पेटी घेतली आणि औषधे वेळेवर मिळाली.

मार्चच्या अखेरीस दुपारी तापमान ३० अंशांवर जाऊ लागले, शेजार विरळ झाला आणि आम्हीही ठोकळे उचलले. येत्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा पूर्ण हंगामाचा परवाना काढणार आहोत आणि त्याच दोन आयर्नवूड झाडांजवळ जागा मिळते का ते पाहणार आहोत. या वेळी मात्र गाडीचे तोंड पूर्वेला ठेवायचे ठरले आहे, म्हणजे आमच्या गाडीचे दार आणि मोठी खिडकी दक्षिणेला येऊन सकाळपासून ऊन आत येईल, फ्रिजची बाजू उत्तरेला सावलीत राहील आणि उत्तरेचा बोचरा वारा दारावर येणार नाही. गेल्या वर्षी आम्ही डोंगराच्या देखाव्यासाठी ती बरोबर उलटी उभी केली होती.